परातीचा पत्ता

शिरवेळच्या माणसाला वय विचारलंत तर दोन-चार वर्षं इकडेतिकडे करून का होईना, तो सांगेल. घरातली भांडणं तर न विचारताच सांगेल. पण मासे कुठे मिळाले असं विचारलंत, तर समुद्राच्या दिशेने हात हलवून "थयच, खाली" एवढंच म्हणेल आणि विषय हवापाण्यावर नेईल. मासे सापडण्याची जागा तिथे बाप मुलाला सांगतो, भाऊ भावाला सांगत नाही.

अशीच एक जागा होती, परात. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, वायव्येच्या अंगाला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन जनार्दन गिरकर यांच्या वडिलांना ती सापडली आणि पुढे गावातल्या सत्तावीस बोटींपुरती सगळ्यांची झाली. दिवाळी उलटली की तिथे सुरमईच्या झुंडी येत. का येत, हे जनार्दनच्या वडिलांना ठाऊक नव्हतं. ते जनार्दनच्या सुनेला ठाऊक होतं.

सुनेचं नाव हेमांगी. भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, लग्न करून शिरवेळला आली आणि सोसायटीच्या नियंत्रण खोलीत बसू लागली. नियंत्रण खोली म्हणजे बर्फाच्या कारखान्यावर चढवलेली एक पत्र्याची खोली. तिच्यात दोन स्क्रीन, एक माईक आणि सदैव घोंघावणारा पंखा. मागच्या टेकडीवर उंच मनोरा होता आणि त्या मनोऱ्याला बोटींवरून आलेलं सगळं ऐकू येई.

प्रत्येक बोटीच्या तळाशी नारळाएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव भारदस्त होतं; खलाशी त्याला चुगलखोर म्हणत. त्याची छोटी स्क्रीन आणि वायरलेस वर केबिनमध्ये असे. दर तासाला ते एक बारीक तार दोनशे मीटर खाली सोडी, निरनिराळ्या खोलीवरच्या पाण्याचं तापमान घेई आणि बोट कुठे आहे त्या जागेसकट मनोऱ्याला कळवी. मनोऱ्याकडून ते सागरवेध केंद्राकडे जाई. देशभरातल्या नऊ हजार बोटी मासेमारी करता करता हे काम करत होत्या.

या खटाटोपाचं कारण सोपं होतं. चक्रीवादळ हे गरम पाण्यावर चालणारं इंजिन आहे. उपग्रहाला समुद्राची नुसती कातडी दिसते. टाकीत इंधन किती, हे कातडीखाली पाणी किती खोलवर गरम आहे त्यावर ठरतं. ते एकदा नेमकं कळलं आणि केंद्राच्या संगणकात खऱ्या समुद्रासारखाच एक आकड्यांचा समुद्र तयार झाला. आधी वादळ त्या समुद्रात सोडून बघायचं, मग खरं कुठे जाईल ते सांगायचं. अकरा वर्षांत केंद्राचा अंदाज एकदाही पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त चुकला नव्हता. पूर्वी वादळाची नुसती कुणकुण लागली तरी आठ-आठ दिवस बोटी नांगरून ठेवाव्या लागत. आता केंद्र म्हणे, अमुक रेषेच्या आत जा, तमुक वाजेपर्यंत या. आणि माणसं डोळे झाकून जात. आभाळ वाचून बोट हाकणारे म्हातारे तांडेल नातवंडांच्या चेष्टेचा विषय होऊन बसले.

मागच्या वर्षी मात्र एक आक्रीत घडलं. बोटींच्या जागा गुप्त राहतील असं वचन होतं, पण त्या कुठून तरी फुटल्या. दिव्यांचा झगझगाट करणाऱ्या, मोठ्या जाळ्यांच्या परक्या बोटी नेमक्या परातीवर येऊन उभ्या राहिल्या. तीन आठवड्यांत त्यांनी परात घासून पुसून नेली. तक्रारी झाल्या, चौकशी झाली, दोषी कुणीच नाही असं निष्पन्न झालं.

मग एका दुपारी जनार्दन गिरकर नियंत्रण खोलीचा जिना चढून वर आले.

"हेमांगी, आकडे खरेच जांवदे. पत्तो तेवढो बदल."

"बाबा, ह्या बरोबर नाय."

"आणि ते येवन आमची परात धुवन नेतत, ता बरोबर?"

मनोऱ्याच्या यंत्रणेत 'स्थान दुरुस्ती' असा एक रकाना होता. मनोऱ्याच्या मापात थोडी खोट असली तर ती भरून काढण्यासाठी. हेमांगीने त्यात साठ किलोमीटर आग्नेय घातले. झालं. परातीवरचं पाणी केंद्राच्या नकाशावर साठ किलोमीटर सरकलं आणि जिथे कुत्रं फिरकत नाही अशा समुद्रात जाऊन पडलं. पुढच्या महिन्यात परक्या बोटी तिथे जाऊन हात हलवत परत गेल्या, तेव्हा गावाने पोट धरधरून हसून घेतलं. हेमांगीही हसली. तापमानात आपण एका शतांशाची लबाडी केलेली नाही, असं ती मनाला समजावत राही. मनाला ते पटत असे, कारण पटवून घ्यायचं होतं.

पुढच्या नोव्हेंबरात अरबी समुद्रात 'निहाल' नावाचं वादळ उठलं. तसं किरकोळच. केंद्राने सांगितलं, हे ओमानकडे जाईल आणि वाटेतच विरेल. कोकणाला धोका नाही, एकशे वीस किलोमीटरच्या आत खुशाल जा. सत्तावीसच्या सत्तावीस बोटी परातीवर गेल्या. सगळ्यांत पुढे 'रवळनाथ प्रसाद'. तिचा तांडेल गौरेश, म्हणजे जनार्दनचा मुलगा आणि हेमांगीचा नवरा.

बारा तारखेला सकाळी दहा चाळीसला नियंत्रण खोलीतला फोन वाजला. केंद्रातून डॉ. शर्वरी इंगवले बोलत होत्या. या बाई एरवी शांत बोलत. आज घाईत होत्या.

"शिरवेळ? तुमच्या बोटींच्या नोंदी बरोबर आहेत ना? मी किनाऱ्यावरच्या सगळ्याच केंद्रांना विचारतेय. निहालखाली आम्हाला थंड पाणी दिसतंय, आणि वादळ तर वाढत चाललंय. खाली कुठेतरी गरम पाणी आहे आणि ते माझ्या नकाशात नाही."

परात म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. गरम पाण्याची एक लांबट जीभ खोल समुद्रातून येते, आणि तिच्या टोकाला, गरम-थंड पाण्याच्या सीमेवर मासे जमतात. केंद्राने परातीच्या आकड्यांवरून ती अख्खी जीभ आखली होती. साठ किलोमीटर चुकीच्या जागी. खरी जीभ या क्षणी निहालच्या पोटाखाली होती.

"हो," ती म्हणाली. "बरोबर आहेत."

फोन ठेवला आणि तिने खाली जाऊन सासऱ्यांना सांगितलं. जनार्दनच्या तोंडचं पाणी पळालं, पण माणूस चेअरमन होता.

"थांब जरा. वादळ खंय, आपण खंय. अडीचशे किलोमीटर लांब आसा ता, आणि जाता तिकडे. वाढला तर वाढूंदे ओमानाक. आता सांगलंस तर परात गेलीच, वर सत्तावीस लायसना जातली. गौरेशाची धरून."

हेमांगी थांबली. किती वेळ, ते पुढे चौकशीत निघालं: पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांत ती स्क्रीनकडे बघत होती आणि निहालचा दाब उतरत होता. शिकलेली गोष्ट माणसाला अशा वेळी सोडत नाही. बुटकं वादळ समुद्रालगतच्या वाऱ्याबरोबर वाहत जातं, आणि तो वारा त्या दिवशी पश्चिमेला, ओमानकडे होता. पण इंजिनाला इंधन मिळालं की वादळ उंच होतं. दहा-बारा किलोमीटर उंच झालं की त्याचं डोकं वरच्या थरातल्या वाऱ्यात शिरतं. आणि वर त्या आठवड्यात उत्तरेकडून उतरलेला जोरदार वारा उलटा, कोकणाच्या दिशेने वाहत होता. निहाल नुसतं वाढणार नव्हतं. ते वळणार होतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिने सासऱ्यांना न विचारता फोन उचलला.

"बाई, मी खोटं बोलले. आमच्या नोंदी वर्षभर साठ किलोमीटर चुकीच्या आहेत. मीच केलंय ते."

पलीकडून डॉ. इंगवले एवढंच म्हणाल्या, "खरी जागा पाठवा. आत्ता." रागवायलाही त्यांना सवड नव्हती, आणि हेमांगीला तेच जास्त लागलं.

आकड्यांचा समुद्र दुरुस्त करून त्यात निहाल पुन्हा सोडायला चाळीस मिनिटं लागली. पावणेबाराला नकाशा आला. लाल रेघ पश्चिमेला जाता जाता थबकत होती, उजवीकडे वाकडी होत होती आणि परातीवरून सरळ कोकणाच्या किनाऱ्यावर येत होती. परातीवर पाच तासांत. बोटींना घरी यायला सात तास लागणार होते.

त्याबरोबरच स्क्रीनवर एक यादी आली. तशी तिने कधी पाहिली नव्हती. सत्तावीस बोटींची नावं आणि प्रत्येकीपुढे एक आकडा: सुखरूप राहण्याची शक्यता शंभरात किती. वायव्येला, खोल समुद्रात जाणाऱ्याला अठ्ठ्याहत्तर. घराकडे पळणाऱ्याला अकरा. वादळ पुढे सरकत असताना त्याच्या उजव्या अंगाला वाऱ्याचा मार सगळ्यांत मोठा असतो, डाव्या अंगाला कमी. घराची वाट उजव्या अंगातून होती.

हेमांगीने माईक ओढला. "गौरेश! सगळ्यांका घेवन वायव्येक फिर. आताच्या आता. वादळ वळला."

"वायव्येक? घर पाठी सोडून दर्यात भितूर?" गौरेशच्या आवाजात थट्टा होती. वारा तिथे अजून नुसता खेळत होता. मग थट्टा संपली. "ह्या चुगलखोर सांगता ना? ता आमची जागा खंयची धरून सांगता गो? खरी, का तुझी ती खोटी?"

"खरी. मी सगळा सांगलंय तेंका."

"कधी?"

"आता. अकरा वाजता."

गौरेश म्हणाला, "माका पटता. पण बाकीच्यांका पटवूक होया."

आणि तिथेच सगळं अडलं. वर्षभर त्या सत्तावीस तांडेलांनी चुगलखोराला फसवल्याच्या गमती एकमेकांना सांगितल्या होत्या. त्याला आपली जागा ठाऊक नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. मग ज्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही, तो पळायची वाट कशी सांगणार? साठ किलोमीटर पलीकडच्या बोटीला सांगितलेली वाट आपल्याला थेट वादळाच्या तोंडात नेईल. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. त्या दिवशी सकाळपर्यंत तो अगदी बरोबर होता.

जनार्दन जिना चढून आले. त्यांनी सुनेच्या हातातून माईक घेतला. गेल्या तासाभरात ते दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले होते.

"मी जनार्दन गिरकर बोलतंय. सगळ्या किनाऱ्यान आयका. परात सोळा अंश बावीस मिनिटा उत्तर, बहात्तर अंश बत्तीस मिनिटा पूर्व. आता केंद्राक ठावक आसा, जगाक ठावक आसा. लपवक कायच उरूक नाय. चुगलखोर खरा सांगता. फिरा रे बाबांनो, वायव्येक फिरा."

ज्या आकड्यांसाठी त्यांच्या बापाने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, ते त्यांनी उघड्या वाऱ्यावर सोडले. हेमांगीने सासऱ्यांना रडताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

अठरा बोटी फिरल्या. नऊ फिरल्या नाहीत. त्या नऊंनी आधीच घराकडे तोंड करून इंजिनं तापवली होती. यंत्र सारखं ओरडतं म्हणून बटण बंद केलं होतं. वायरलेसही त्याच यंत्रातून चालत असल्यामुळे जनार्दनचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. स्क्रीनवर त्यांचे ठिपके करडे झाले.

साडेबाराला गौरेशचा आवाज आला. "हेमा, मी त्या नऊ जणांच्या पाठी जातंय. बाजूक जावन बोंब मारल्याशिवाय तेंका समजूचा नाय. माझे खलाशी बाळा मोंडकराच्या 'सातेरी'वर उतरवलंय."

"तू एकटो?"

"इंजिन चालवूक कितीसे लोक लागतत?"

"गौरेश, नको. ऐक माझा. तुझो आकडो अठ्ठ्याहत्तर आसा, घराच्या दिशेन गेलंस तर..." पुढचं तिला बोलवेना. नऊ बोटींवर चौपन्न माणसं होती. त्यातल्या निम्म्यांच्या बायका खाली बर्फाच्या कारखान्यासमोर जमल्या होत्या आणि वर खिडकीकडे बघत होत्या. नवऱ्याला थांब म्हणायला तिच्यापाशी तोंडच उरलं नव्हतं.

"तू पत्तो बदललंस तो माझ्याच बापाशीच्या सांगण्यावरून," गौरेश म्हणाला. "तुझ्या एकटीवर कोण घालणा नाय. जातंय."

पुढचे तीन तास हेमांगी नुसती बघत राहिली. करण्यासारखं काहीच नव्हतं. तटरक्षक दलाचं जहाज निघालं होतं, पण ते सहा तासांवर होतं. हेलिकॉप्टर त्या वाऱ्यात उडत नव्हतं. डॉ. इंगवले दर दहा मिनिटांनी ताजा नकाशा पाठवत होत्या आणि प्रत्येक नकाशा आधीच्यापेक्षा बिनचूक होता. इतक्या नेमकेपणाने वादळ कुणी आजवर पाहिलं नसेल. कोणत्या मिनिटाला कुठे किती वारा येणार ते तिला सगळं दिसत होतं आणि एक काडी इकडची तिकडे करता येत नव्हती. 'रवळनाथ प्रसाद'पुढचा आकडा उतरत गेला. बावन्न. एकतीस. तेवीस. तो दोन बोटींना गाठायचा, त्या फिरायच्या, त्यांचे करडे ठिपके पुन्हा हिरवे व्हायचे; त्याचा आकडा आणखी खाली यायचा. मग आणखी दोन बोटी फिरल्या. चार झाल्या.

तीन वीसला त्याचा आवाज आला. मागे वारा असा ओरडत होता की शब्द वेचून घ्यावे लागत होते.

"गणो तांडेल फिरलो, बाबांका सांग. चार बोटी फिरल्यो. पाच रवल्यो. फुडे दिसतत माका." मग जरा थांबून, "काय गो, थय आकडे दिसतत ना? माझो किती?"

स्क्रीनवर ६ होता.

"साठ," हेमांगी म्हणाली. आवाज हलला नाही. तिची तिलाच लाज वाटली.

"खरा सांगतंस?"

"तुझ्याकडे कित्याक खोटा बोलतलंय?"

तो हसला. त्या गदारोळातही ते हसणं तिला स्वच्छ ऐकू आलं. "साठ? मगे झाला तर. माका दहावीक साठ पडूक नाय होते." पुन्हा वारा. "तू घराक जा गो. हयसर बसान रवू नको. बाबांका पण घेवन जा."

"होय. तू ये."

"येतंय."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी टेकडीवरचा मनोरा मोडला आणि दोन्ही स्क्रीन आहेत तशा थिजल्या. साडेसातला निहाल किनाऱ्यावर आलं. शिरवेळची माणसं तोवर वरच्या शाळेत नेली होती, एवढं तरी झालं. समुद्र बाजारपेठेत छातीभर पाण्याने शिरला, बर्फाच्या कारखान्याची भिंत घेऊन गेला आणि नियंत्रण खोलीचे पत्रे दोन गावं ओलांडून सापडले. माडांची एक अख्खी रांग एकाच दिशेला निजली. हे सगळं लोकांनी सकाळी पाहिलं आणि कुणी हळहळलंसुद्धा नाही. सगळे समुद्राकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी बोटी आल्या. उत्तरेकडच्या बंदरांत आसरा घेतलेल्या, डोलकाठ्या मोडलेल्या, केबिन चेपलेल्या, पण एकवीस आल्या. गौरेशने फिरवलेल्या चारही त्यांत होत्या. गणो धक्क्यावर उतरला तो सरळ जनार्दनच्या पायांवर पडला, त्याला उठवता उठवेना. त्या पाच बोटी आल्या नाहीत. 'रवळनाथ प्रसाद' आली नाही.

दोन दिवस हेमांगी एकच गोष्ट घट्ट धरून होती. तो गेला असेल, पण भीत गेला नसेल. शेवटपर्यंत त्याला वाटत असेल, साठ आहेत, जमेल. वर्षभर आपण खोटं बोललो, त्यातलं एक तरी त्याच्या उपयोगी पडलं.

'सातेरी' धक्क्याला लागली तेव्हा बाळा मोंडकरने तिला हाक मारली. गौरेशचे कपडे आणि मोबाईल खलाशांबरोबर तिकडे आले होते. ती पिशवी घ्यायला केबिनमध्ये वाकून शिरली. समोर चुगलखोराची छोटी स्क्रीन होती, मनोरा पडला त्या वेळी थिजलेली. तिच्यावर सत्तावीस नावं होती आणि प्रत्येक नावापुढे आकडा. 'रवळनाथ प्रसाद'पुढे दोन होता.

ती तशीच वाकलेली उभी राहिली.

"बाळाभावजी, हे आकडे तुमका दिसत होते?"

"होय तर वयनी. केंद्रान सगळ्यांकच पाठवल्यानी. सगळ्यांचे आकडे सगळ्यांका. म्हणान तर आमका पटला, खंय जावचा ता." बाळा पिशवीची गाठ सोडण्यात गुंतला होता. "दुपारपासून आम्ही गौरेशाचोच आकडो बघी होतो. उतरतच होतो. तीन-सव्वातीनाक सहार इलो, तेवा मीच तेका बोटी-बोटींतल्या वायरलेसवर सांगलंय, गौरेशा, बघ रे समोर, पुरे आता, फिर. तर म्हणता कसो, बघतंय मरे, सहा दिसता माका."

हेमांगीने पिशवी घेतली. तीन वीस, ती मनात म्हणाली. त्याने विचारलं तेव्हा सहा त्याच्या डोळ्यांसमोर होता. मी साठ म्हणाले ते ऐकून तो हसला, आणि मला पुढे बोलावं लागू नये म्हणून दहावीचे मार्क काढले.

तिच्यापाशी तेवढं एकच उरलं होतं, तेही त्याने आधीच ओळखून घेतलं होतं. ती धक्क्यावर आली आणि खाली बसली. जनार्दन शेजारी येऊन उभे राहिले, काय झालं म्हणून विचारू लागले. तिला सांगता आलं नाही.